नाव द्यायची घाई करू नकोस

चि. चिमीस,


बी.ए.चा निकाल, पुढे वस्तुसंग्रहालयाचं शिक्षण घ्यायचं ठरवलंस ते, आणि बडोदा, मुंबई, नोएडा तिन्हीकडचे फॉर्म याच आठवड्यात भरणार आहेस ते, असं सगळं तू फोनवर एका दमात सांगितलंस. मला फार आनंद झाला, पण तुझ्या बोलण्याच्या वेगापुढे मला काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र सावकाश लिहिते आहे. तू मन लावून शिकशील आणि दुसऱ्याची ठेव जिवापाड जपशील, याची मला शंका नाही. लहानपणी बाहुलीचा तुटका हातसुद्धा डबीत घालून ठेवणारी पोर तू! काळजी आहे ती फक्त तुझ्या घाईची.

आपल्या भोकरदनचंच घे. केळना नदीकाठचं हे गाव सातवाहनांच्या काळी भोगवर्धन म्हणून नांदत होतं, आणि इथल्या माणसांनी थेट सांची-भारहुतच्या स्तूपांना दान दिल्याचं तिथल्या शिलालेखांत कोरलेलं आहे. तिकडे इटलीत, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात, 1938 साली एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहानग्या दासी, आणि घडण अगदी आपल्याकडची. सापडली तशी तिला लक्ष्मी म्हणून टाकलं. पुढे अभ्यासकांनी निरखून पाहिलं तेव्हा ही लक्ष्मी नसून यक्षी असावी असं अनेकांचं मत पडलं, पण पहिलं नाव असं चिकटलं की अजून ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’च आहे. बघ, घाईनं दिलेलं एक नाव किती वर्षं पुरून उरतं ते.

मग 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं, आणि तिथं तशाच धाटणीची एक भंगलेली हस्तिदंती मूर्ती निघाली. तेर गावीही तशीच एक मिळालेली आहे. आता आपल्या गावाकडची माणसं छाती फुगवून सांगतात की पॉम्पेईची मूर्ती आपल्याच कारागिरांनी केली. अभिमान मलाही आहे गं, खूप आहे. पण त्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही अभ्यासकांची नजर तिकडे वळते. तुझ्यासारखीनं संग्रहालयातल्या पाटीवर ‘शक्यता’ एवढंच लिहायचं, आणि गावकऱ्यांना प्रेमानं समजावून सांगायचं की शक्यता म्हणजे काही कमीपणा नव्हे. भोकरदनची ती भंगलेली मूर्तीसुद्धा आज काही सांगू शकते, ते ती कोणत्या थरात, कशासोबत मिळाली हे कुणीतरी उन्हात बसून टिपून ठेवलं म्हणून. तीच कुणी खिशात घालून नेली असती तर हाडाचा एक तुकडा, एवढीच तिची किंमत उरली असती.

तुझ्या शिक्षणातही हेच टिपून ठेवणं फार असणार आहे, दिव्यांच्या झगमगाटातली दालनं कमी. वस्तू आली की नोंदवहीत तिचा क्रमांक, माप, कुठून आली, कुठं तडा आहे, सगळं लिहायचं. क्रमांकही वस्तूवर थेट घालत नाहीत. आधी पारदर्शक लेपाचा लहानसा पट्टा द्यायचा, त्यावर शाईनं लिहायचं, वरून पुन्हा लेप, म्हणजे उद्या कुणाला तो काढावासा वाटला तर वस्तूला ओरखडा न येता निघावा. मला हे फार आवडलं बघ, आपलं काम पुढच्या माणसाला उलगडता येईल असं ठेवायचं. भांडं उचलायचं ते कानाला किंवा काठाला धरून नव्हे, दोन्ही हातांनी बुडाशी आधार देऊन. जुनी पैठणी आपण घरी दरवर्षी घडी बदलून ठेवतो, कारण मोडीवर जर तुटते. संग्रहालयात तर घडीच घालत नाहीत, नळीवर गुंडाळून ठेवतात, आणि कापडावर, कागदावर प्रकाशही अगदी मंद, 50 लक्सच्या आसपासच पडू देतात. येणारी माणसं कुरकुरतात की नीट दिसत नाही. तू त्यांच्यावर चिडणार नाहीस, मला ठाऊक आहे.

आता फॉर्मांचं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून हा विषय शिकवतात, संग्रहालय चालवायचं कसं याचं सगळं अंग तिथं कळेल. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच पदव्युत्तर पदविका आहे, म्हणजे वस्तूंच्या सान्निध्यातच शिकणं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 1989 साली सुरू झालेली संस्था आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज म्हणून नोएडात आहे. तिथं कलेचा इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र असे वेगवेगळे रस्ते फुटतात. संवर्धनाकडे ओढा असेल तर रसायनशास्त्राची ओळख हवी, आणि तू इतिहासाची, म्हणून तिथं वर्षभर आधी तयारी करावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नकोस. आपण मोसंबीचं कलम लावतो तेव्हा फळाची चार-पाच वर्षं वाट पाहतोच ना.

नोकऱ्या थोड्या आहेत, जाहिराती उशिरा निघतात, सुरुवातीचा पगारही बेताचा असतो, हे तुझे बाबा तुला सांगतीलच. म्हणून आतापासूनच हात आखडता ठेव. वहीची कोरी पाठ वापर, खोलीवर भाकरी थापून घे, वाचलेले पैसे प्रवासाला लाव. पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्याचा व्यवसाय सांभाळून, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं, दिवे, अडकित्ते, दौती अशी घराघरांतली अडगळ उभ्या आयुष्यात जमवली, अकाली गेलेल्या लेकाच्या, राजाच्या नावानं तिचं संग्रहालय केलं आणि 1975 मध्ये ते सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. श्रीमंतीच्या जोरावर ते झालं नाही, चिकाटीवर झालं.

आणि पहाटे उठायची तुझी सवय शहरात गेल्यावर सोडू नकोस गं. सकाळी संग्रहालय उघडता उघडता आत शिर, गर्दी व्हायच्या आत एकच वस्तू निवड, तिच्यापुढे बस, पेन्सिलीनं काढ. पाटी शेवटी वाच.

फॉर्म भरायला अजून वेळ आहे. त्याआधी पैठणला जाऊन बाळासाहेब पाटलांचा संग्रह पाहा, नि तेरला लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती मूर्ती पाहून ये. मग तिन्हींतलं एकच ठिकाण निवड, आणि का निवडलंस ते मला सविस्तर पत्रानं कळव. फोनवर नको.

तुझी,
आजी