आप्पांचं गोठलेलं खातं आणि गीतेतलं दान



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. पुढे काहीतरी मिळेल म्हणून, किंवा मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, किंवा घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलेलं ते तामस.

हे श्लोक मी कैकदा वाचलेत. वाचताना डोळ्यांसमोर यायचं ते अन्नदान, वारीतलं पाणीवाटप, देवळातली पेटी. हे श्लोक घरातल्या घरात, स्वतःच्या बापाशी वागताना लागू पडतील असं कधी वाटलं नव्हतं. आज तेच सांगतो.

आमचं घर माणला. हिंजवडीच्या तिसऱ्या फेजपासून जवळ, मेट्रोचा डेपो झाला तेच माण. आप्पा त्र्याहत्तर वर्षांचे. पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. सकाळी हरिपाठ, संध्याकाळी ज्ञानेश्वरीचं एक पान, हा नेम. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या. मी वाकडला राहतो, नोकरीसाठी.

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी आईचा फोन आला. मेडिकलमध्ये आप्पांचं कार्ड चालेना. तिची शुगरची आणि बीपीची औषधं काउंटरवर तशीच ठेवून दोघं घरी आले होते. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तेव्हा कळलं की आयकर खात्याच्या पत्रावरून खातं गोठवलंय. थकलेला कर वसूल करायला खातं थेट बँकेला असं पत्र पाठवू शकतं. १९६१च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम २२६(३) होतं. मागणी होती तेवीस लाखांच्या वर. आप्पांची सगळी ठेव चौदा लाखांची!

आता ही ठेव कुठली? २०१८ साली रस्त्यासाठी आमची थोडी शेतजमीन संपादनात गेली, तिचा मोबदला. आप्पांनी तो तसाच ठेवीत टाकला. कसत असलेल्या जमिनीचं सक्तीचं संपादन झालं तर त्या मोबदल्याला कायद्यात काही अटींवर करसूट आहे. पण ती कागदांनी दाखवावी लागते. आप्पांनी विवरणपत्र कधी भरलंच नव्हतं. बँकेत दर वर्षी १५एचचा फॉर्म दिला की करातून सुटलो, अशी त्यांची समजूत. खात्याने विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून सगळी रक्कम ‘खुलासा न झालेला पैसा’ धरली गेली. अशा पैशाला तेव्हा अधिभार आणि सेस धरून ७८ टक्के कर लागत होता, वर व्याज. म्हणून ठेवीपेक्षा मागणी मोठी.

तामस

बँकेतून घरी आल्यावर मी आप्पांना जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. “एवढी पत्रं आली असतील, एक सांगता येत नाही तुम्हाला? सगळं मीच निस्तरायचं का?” आप्पा काही बोलले नाहीत. पासबुक उघडत होते, मिटत होते. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

मी मदत करत होतो का? हो. सुट्टी टाकली होती, सीए गाठला होता, रात्री जागून कागद लावत होतो. बाहेरून बघणाऱ्याला मी श्रावणबाळच वाटलो असतो. पण बाविसाव्या श्लोकातली अवज्ञा म्हणजे आणखी काय असतं? हाताने देत होतो आणि तोंडाने काढून घेत होतो.

तिसऱ्या रात्री पोर्टलवर आप्पांच्या प्रोफाइलमध्ये गेलो. नोटिसा कुठे गेल्या ते बघायचं होतं. तिथे ईमेल होता माझा. २०१५ साली त्यांच्या पॅनकार्डातली चूक दुरुस्त करून नोंदणी करून दिली, तेव्हा मी माझा कॉलेजातला ईमेल टाकला होता. पुढे नोकरी लागली, नवा ईमेल झाला, जुना विसरलो. कसाबसा पासवर्ड बदलून तो उघडला. पहिली नोटीस मार्च २०२३ची. मग आणखी चार. शेवटी फेब्रुवारी २०२४चा आदेश. एकही उघडलेली नाही.

आप्पांना जी पत्रं न सांगितल्याबद्दल मी बोललो, ती सगळी माझ्याकडे आली होती.

राजस

अपील करायचं ठरलं. अपील चालू असेपर्यंत वसुली थांबवायची तर मागणीच्या साधारण वीस टक्के भरावे लागतात; प्रत्यक्ष कर मंडळाची ३१ जुलै २०१७ पासून तशी सूचना आहे. म्हणजे साडेचार लाखांच्या वर. आप्पांचं खातं बंद. माझ्याकडे फ्लॅटच्या डाउनपेमेंटचे साठवलेले पैसे होते. ते काढले.

पैसे भरताना मनात एक विचार आला. ‘उद्या घराची वाटणी होईल तेव्हा हे माझे साडेचार लाख धरायला हवेत. ताईने काही दिलेलं नाही.’ कोणी विचारलं नव्हतं, कोणी ऐकत नव्हतं, तरी माझा हिशोब सुरू झाला होता. एकविसावा श्लोक माझ्याच खिशात सापडला. देताना जो कुरकुरतो आणि जो परतीची पावती मागतो, तो एकच माणूस असतो.

मग सात्त्विक काय?

इथे मला एक शंका आली, तुम्हालाही येईल. विसावा श्लोक म्हणतो, ज्याने आपल्यावर उपकार केले नाहीत त्याला द्यावं. बापाने तर आधीच सगळं दिलेलं असतं. माझी इंजिनिअरिंगची फी आप्पांच्या ओव्हरटाइममधून गेली. मग बापाला केलेली मदत दान कशी होईल? ती फार तर फेड झाली.

बरेच दिवस मी ‘फेड’वर समाधान मानलं. पण फेड म्हटलं की शेवटी एक रक्कम येते आणि ती चुकती केली की माणूस मोकळा होतो. ‘साडेचार लाख भरले, आता सुटलो.’ हे पटेना.

तेव्हा पुंडलिक आठवला. आपल्या सगळ्यांना विटेची गोष्ट पाठ आहे. आई-वडिलांचे पाय चेपत असलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितलं. पण त्याच्या आधीची गोष्ट आपण घाईत उरकतो. हाच पुंडलिक आधी आई-वडिलांना छळणारा होता. काशीच्या वाटेवर म्हातारी माणसं पायी आणि हा बायकोला घेऊन घोड्यावर, असं कथेत येतं. कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले.

म्हणजे विटेवरच्या देवाने ज्याची सेवा पाहिली तो मुळातला सज्जन नव्हता, चुकलेला मुलगा होता. आणि त्याने काय फेडलं याचा आकडा कथेत कुठेच नाही. पाय चेपायचं काम हातात होतं, तेवढं तो करत राहिला. सात्त्विक म्हणजे हेच असावं असं मला वाटतं. दान आणि फेड हे दोन्ही शब्द गळून पडतात. समोर बाप आहे, त्याच्या आयुष्यात आत्ता ही वेळ आली आहे, आणि मी इथे आहे. श्लोकातले देश, काळ आणि पात्र, तिन्ही एका स्वयंपाकघरात जमलेले होते.

शपथपत्र

खरी परीक्षा पुढे होती. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची. ती कधीच उलटली होती. उशीर माफ करावा असा अर्ज द्यायचा आणि कारण शपथेवर सांगायचं. सीएच्या ऑफिसातून मसुदा आला : ‘अर्जदार हे वयोवृद्ध, अल्पशिक्षित व कायद्याचे ज्ञान नसलेले गृहस्थ असून त्यांच्या अज्ञानामुळे विलंब झाला.’ अशी वाक्यं सरसकट लिहितात, चालूनही जातात. मी सही घ्यायला आप्पांपुढे कागद ठेवला.

आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, “मी आयटीआय केलंय. ज्ञानेश्वरी वाचतो. हे खरंय का?”

मी म्हणालो, “आप्पा, हे फक्त कागदावर. काम होण्यासाठी.”

ते म्हणाले, “कागदावरचंच तर राहतं, बाळा.”

आणि मला जाणवलं की पहिल्या दिवशी घरात जे मी ओरडून म्हणालो होतो, तेच आता सरकारी भाषेत त्यांच्याच सहीने म्हणवून घेत होतो. मी त्यांना तेव्हा ईमेलचं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग तसं लिही.”

कारण बदललं. ईमेल मुलाचा होता, मुलाने तो पाहणं सोडलं, वडिलांपर्यंत नोटीस पोचली नाही. माझं वेगळं शपथपत्र जोडलं. सीए जरा नाराज होता. पण खरं कारण तेच होतं, आणि ते जास्त स्पष्टही होतं.

त्याच बैठकीत दुसरा प्रश्न निघाला. खोल्यांचं भाडं रोखीत यायचं. कोणी विचारलेलं नाही, मग काढायचंच कशाला, असा माझा विचार. आप्पांच्या ‘भल्यासाठी’ मी तो मनातल्या मनात पक्काही केला होता. आता त्यांना विचारलं. त्यांनी दामाजीपंतांची गोष्ट काढली. दुष्काळात दामाजींनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बिदरच्या बादशहाने जाब विचारला, तेव्हा विठू महाराचं रूप घेऊन देव गेला. “देवाला सरकारी वही गायब करता आली नसती का? पण त्याने मोहरा मोजून भरल्या आणि पावती घेतली. आपण पण भाडं भरू.”

मी एकट्याने ठरवलं असतं तर आप्पांना न विचारता त्यांना खोटारडं करून ठेवलं असतं, आणि त्याला सेवा म्हटलं असतं. म्हाताऱ्या माणसाचं काम त्याला बाजूला बसवून करणं सोपं असतं. त्याच्या नावाने होणारा प्रत्येक निर्णय त्याच्यापुढे ठेवणं वेळखाऊ असतं. पण मान राखणं म्हणतात ते हेच.

वीस टक्के भरल्यावर वसुलीला स्थगिती मिळाली आणि सात आठवड्यांनी खातं उघडलं. मागच्या भाड्याचा आणि ठेवीच्या व्याजाचा कर आप्पांनी स्वतःच्या पैशांतून भरला. अपील अजून चालू आहे. निकाल काय लागेल माहीत नाही. आईची औषधं त्या सात आठवड्यांत ताई आणायची, चाकणहून येऊन, आणि त्याबद्दल तिने एकदाही काही बोलून दाखवलं नाही. माझ्या वाटणीच्या हिशोबात तिचे हे हेलपाटे कुठेच नव्हते.

ज्यांच्या घरी अशी वेळ आलीय त्यांच्यासाठी थोडं

घाबरून कोणाला पैसे पाठवू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर डीआयएन क्रमांक असतो. तो पोर्टलवर टाकून पत्र खरं आहे का ते आधी बघा. मग मूळ आदेश डाउनलोड करा आणि मागणी कशाची आहे ते समजून घ्या. बँक फक्त पत्राचं पालन करते, काउंटरवरच्या माणसाशी भांडून खातं उघडत नाही. अपील, उशीर माफीचा अर्ज आणि वसुली थांबवण्याचा अर्ज हे तिन्ही वेगवेगळे आहेत; एक केला म्हणजे बाकीचे झाले असं होत नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडली : करदात्याच्या वतीने खात्यापुढे बाजू मांडायला वकील किंवा सीएच लागतो असं नाही, कायद्याने नातेवाइकालाही ती मुभा आहे.

आजचा संकल्प

आज आई-वडिलांना फोन करा. त्यांच्या पॅनला, बँकेला, आधारला कोणाचा ईमेल आणि कोणाचा मोबाइल जोडलाय ते विचारा. तुमचा असेल तर आजच उघडून बघा. बदलायचा असेल तर त्यांच्या शेजारी बसून, त्यांना दाखवत बदला. त्यांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तर तिसऱ्यांदा सांगा. आवाज चढायला लागला की बाविसावा श्लोक आठवा.

पांडुरंगा, देताना आमचा हात वर आणि मान खाली असू दे. ज्यांनी आम्हाला अक्षर गिरवायला शिकवलं, त्यांना आमच्यासमोर अडाणी वाटावं असं आमच्या तोंडून काही निघू नये.

उद्या अठरावा अध्याय सुरू करू.

राम कृष्ण हरी.