ओझे किती आणि कोणाचे?

रात्री चार-पाच वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, अडखळणे, जाऊन आल्यावरही पोटात काही राहिल्यासारखे वाटणे. साठी-सत्तरीनंतर पौरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढल्याची ही लक्षणे घरोघरी असतात. बोलले मात्र फार कमी जाते. ही वाढ कर्करोग नव्हे. मग तिच्यासाठी उतारवयात शस्त्रक्रिया स्वीकारावी काय? प्रश्न वैद्यकीय दिसतो. पण सुटकेच्या आशेने किती जोखीम पत्करावी आणि ते कोणी ठरवावे, हा त्याचा गाभा नैतिक आहे.

पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात एक विवेक सांगितला होता. जीव आणि आरोग्य राखण्यासाठी माणूस सामान्य साधनांनाच बांधलेला आहे. आणि सामान्य काय, ते व्यक्ती, स्थळ व काळ पाहून ठरते. यातील ‘स्थळ’ या शब्दावरून आपण फार लवकर पुढे सरकतो.

अमेरिकेत मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना नुसते देखरेखीखाली ठेवले. शस्त्रक्रियेने अधिक आराम पडला, हे खरे. तथापि देखरेखीतल्यांपैकी तीन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शालाच शस्त्रक्रिया करावी लागली. ज्याला त्रास फारसा जाचत नाही त्याने थांबण्यास हरकत नाही, असा याचा अर्थ. वसईतल्या आजोबांना हा सल्ला शोभतो. लघवी अडली तर अर्ध्या तासात कोणीतरी नळी घालील.

आता मोखाड्यातील एखादा पाडा डोळ्यांपुढे आणा. आषाढातली रात्र, ओढ्याला पाणी, आणि म्हाताऱ्याची लघवी पूर्ण अडलेली. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठेपर्यंत त्या देहाचे काय होते, ते ज्याने ही वेदना पाहिली आहे तोच जाणे. साठलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांवर महिनोन् महिने राहिला तर तीही निकामी होऊ शकतात. गोळ्या आहेत, काहींचा गुण काही दिवसांत येतो, ग्रंथी आक्रसवणाऱ्या गोळ्यांना मात्र सहा-सहा महिने लागतात, आणि त्या अखंड घ्याव्या लागतात. ‘थांबून पाहू’ यातले ‘पाहणे’ जिथे होतच नाही, तिथे उरते केवळ थांबणे.

म्हणून दुर्गम भागात शस्त्रक्रियेचे पारडे जड होते, असे वाटेल. परंतु तेच अंतर दुसऱ्या पारड्यातही पडते. दुर्बिणीतून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढायचा तर बहुधा नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठावी लागते. जव्हारहून नाशिकच सुमारे ८० किलोमीटर. कमरेतून भूल, दोन-तीन दिवस नळी, पुढे काही आठवडे जड उचलणे वर्ज्य. घरी परतल्यावर रक्त जाऊ लागले, गाठी अडकून लघवी थांबली, तर पुन्हा तोच रस्ता. दिवाळीनंतर मुलगा-सून वीटभट्टीवर गेलेली असतात. घरी म्हातारी आणि नातवंडे. सरकारी योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च सुटला, तरी सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? भात-नागली घरात आल्यावर आणि मुलगा निघण्याआधी जे चार आठवडे मिळतात, त्यांचा हिशेब शल्यविशारदाने विचारला पाहिजे. तो वैद्यकाबाहेरचा नाही.

लघवी वारंवार अडत असेल, मूत्रपिंडांवर ताण आला असेल, तर माझ्या मते एवढ्या ओझ्यासहही शस्त्रक्रियाच श्रेयस्कर. जन्मभर नळी बाळगणे म्हणजे जंतुसंसर्गाला घरात जागा देणे. केवळ रात्रीच्या उठण्याचा प्रश्न असेल, तर मात्र ज्याची झोप मोडते त्यालाच विचारावे. आपण विचारतो मुलाला! म्हातारा बाकावर बसलेला असतो आणि ‘या वयात आता कशाला’ हा निर्णय त्याच्या डोक्यावरून होतो. किंवा ‘करून टाका’ हाही. या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य पुरुषांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयाकडे वळते. क्वचित लघवीवरचा ताबाही सुटतो. सत्तरीच्या माणसाला हे सांगण्याची गरज नाही, असे कोणी ठरवले? कागदावर त्याचा अंगठा घेण्याआधी, शक्यतो मुलाला दाराबाहेर बसवून, त्याच्या बोलीत त्याला ते सांगायला हवे.