बघितलंस, का वाटलं?

गेल्या आषाढात आमच्या गावच्या वाचनालयाचे दार मी स्वतःच्या हाताने लावून घेतले आणि किल्ली आत राहिली. दार लाकडाचे असते तर सुतार बोलावला असता. पण हे दार मुंबईला होते, आणि मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खुर्चीवर बसलो होतो.

आमच्या अकरा हजार पुस्तकांची यादी आम्हां तिघा निवृत्त माणसांनी तीन वर्षे खपून संगणकावर चढवली. मुंबईच्या एका कंपनीच्या मोठ्या यंत्रात आम्ही महिन्याच्या भाड्याने थोडी जागा घेतली आहे, ती यादी तिथे राहते. असल्या जागेला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नावाला भिऊ नये. जुन्या वाड्यात मालक एक आणि बिऱ्हाडे पंधरा असत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे प्रत्येक बिऱ्हाडाला आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो असे वाटते. शेजारी कोणी आहे याचा त्याला पत्ताही नसतो.

एके दिवशी वर्तमानपत्रात संगणकचोरांची बातमी वाचली आणि मला सुरक्षिततेची उबळ आली. मी यंत्राच्या पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला, हुकूम सोडला की बाहेरून येणाऱ्या कोणालाही आत घेऊ नकोस. त्याने तो इमानाने पाळला. ‘कोणालाही’ या शब्दात मीही येतो हे मला चहा पिऊन पुन्हा आत जाऊ लागलो तेव्हा समजले. मग घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केले. मालकाच्या पानावर एक बटण असते, सक्तीने बंद करून पुन्हा चालू करण्याचे. ते दाबले. यंत्र चालू असल्याचा हिरवा ठिपका आला, पण दार काही उघडेना.

पुण्यात असल्याच कामात असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘मामा, कन्सोल उघडा.’’

कन्सोल म्हणजे मालकाने भाडेकरूसाठी ठेवलेली मागची खिडकी. रस्ता बंद असो, पहारेकरी रुसलेला असो, या खिडकीतून थेट यंत्रासमोर बसल्यासारखे बसता येते. (ही खिडकी मालकाच्या हातात असते, ही गोष्ट भाडेकरूने झोपताना आठवू नये.) मी ती उघडली. आत काळाकुट्ट पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. कळा दाबल्या, टिचक्या मारल्या, काही नाही. दहा मिनिटे गेली, वीस गेली. यादीची शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वी काढलेली होती. माझे बोट पुन्हा त्या सक्तीच्या बटणाकडे गेले आणि मी म्हणालो, ‘‘अरे, हे मेलेलं दिसतंय. पुन्हा एकदा बंद-चालू करतो.’’

‘‘मामा, थांबा. मेलंय हे तुम्ही बघितलंय का तुम्हाला वाटतंय?’’

हे वाक्य त्याचे नव्हे. ते माझ्या आईचे. त्याच्या कानावर ते लहानपणापासून इतक्या वेळा पडले आहे की त्याला ते आपलेच वाटते. पण ते ज्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले गेले तो दिवस मला चांगला आठवतो.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा बोजा, अशी आमच्याकडची घरे. उन्हाळ्यात जी थंडावा देत तीच त्या पहाटे अंगावर आली. किल्लारी, सास्तूर ही नावे सगळ्या जगाला माहीत झाली. हजारो माणसे गेली. माझी थोरली बहीण, अक्का, आताच्या लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. मी पुण्याला नोकरीत, आई माझ्याजवळ.

फोन लागत नव्हता. तार पोचत नव्हती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वर्तमानपत्रातली छायाचित्रे आईपासून लपवून ठेवता ठेवता माझाच धीर सुटला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आईला सांगितले की अक्का गेली. आईने डोक्यावरून पाणी घेतले.

चौथ्या दिवशी मी खेड्यात पोचलो तेव्हा अक्का कडुनिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर कुणाकुणासाठी पिठले हाटत होती. त्या रात्री ती, मेहुणे आणि दोन वर्षांचे पोर अंगणात झोपले होते म्हणून वाचले. मला पाहून ती रडली, मग रागावली. ‘‘चिठ्ठी मिळूनसुद्धा एवढा उशीर?’’ तिने दुसऱ्याच दिवशी एका ट्रकवाल्याजवळ चिठ्ठी दिली होती. माझा पुण्याचा पत्ता तिला पाठ नव्हता, म्हणून सोलापूरच्या काकांच्या पत्त्यावर. ट्रकवाल्याने ती काकांच्या दाराखालून सरकवली. काका मात्र अक्कालाच शोधायला निघून गेले होते. ‘मी सुखरूप आहे’ हे शब्द एका कुलूपबंद घरात दोन दिवस पडून होते.

ते पोर कडेवर घेऊन मी पुण्याला परतलो. आईने त्याला मांडीवर घेतले, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता विचारले, ‘‘डोळ्यानं बघितलं होतंस, का तुला वाटलं होतं?’’

त्यानंतर ती चौदा वर्षे जगली. मी कुठलीही बातमी सांगितली की, आंबे स्वस्त झाल्याची का असेना, ती हा प्रश्न विचारी. चेष्टेने विचारी. मला ती चेष्टा कधीच वाटली नाही.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा बारकाईने खल केला आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळते? कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैतवेदान्ती म्हणतात, घट दिसत नाही यावरूनच. आणि या न दिसण्याला ते ‘अनुपलब्धी’ नावाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण मान्य नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला महत्त्वाची वाटते ती त्यांनी घातलेली अट. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. नळदुर्गच्या धरणासमोर उभे राहून भिंतीवरून कोसळणारे पाणी पाहणाऱ्याला त्या भिंतीच्या पोटात महाल आहे आणि तिथे कोरड्यात माणसे उभी आहेत, हे कुठून दिसणार?

मग मुकाट वाट पाहत बसावे काय? तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच पहाटे आमच्याकडच्या माणसांनी हातांनी ढिगारे उपसले. ते थांबले असते तर आणखी कितीतरी जीव गेले असते. त्यांनीही भिंती फोडल्या, सक्ती केली. मात्र आत कोणीतरी आहे असे धरून त्यांनी ती केली. मी पुण्यात बसून आत कोणी नाही असे धरले. आईला हळूहळू तयार करावे, हा मी स्वतःला सांगितलेला बहाणा होता. खरे हे की वाट पाहणे मला सोसवेना. काहीतरी एक ठरून जावे, मग ते वाईट का असेना, एवढेच मला हवे होते. आणि त्याची किंमत आईने दिली.

भाचा फोनवर होताच. तो म्हणाला, ‘‘मालकाच्या पानावर आणखी एक कन्सोल असेल, सिरियल नावाचं. ते उघडा.’’ उघडले, आणि त्यात ओळीच ओळी! यंत्राला बोलण्यासाठी दोन खिडक्या दिलेल्या असतात. सुरुवातीचे दोन शब्द ते दोन्हींकडे बोलते. पुढचे सविस्तर बोलणे मात्र यादीत जी खिडकी शेवटी लिहिली असेल तिथेच होते. आमच्या यंत्राच्या यादीत शेवटी सिरियल होती. मी अर्धा तास दुसऱ्याच खिडकीसमोर बसून त्याला मुके ठरवत होतो. मी सक्तीने बंद केल्यामुळे त्याच्या कोठीत जी विस्कटाविस्कट झाली होती ती ते निमूटपणे तपासून लावत होते. शेवटच्या ओळीत गेलेला वेळ दिसत होता, आणि त्यापुढे इंग्रजीत लिहिले होते, ‘मर्यादा नाही’. ते आवरणे मध्येच तोडले असते तर अकरा हजार पुस्तकांचे काय झाले असते, हे भाच्याने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पाऊण तासाने काळ्या पडद्यावरही नाव विचारणारी ओळ उमटली. मी नाव दिले, वहीत पाहून पासवर्ड दिला. ‘चूक.’ पुन्हा दिला. पुन्हा चूक. पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे काय चुकते तेही कळेना. भाच्याने युक्ती सांगितली, ‘‘नावाच्या जागी पासवर्ड लिहून बघा, तिथे अक्षरं दिसतात. मग खोडून टाका.’’ पाहतो तो काय, मी दोनाच्या कळीवर ‘ॲट’चे चिन्ह दाबतो आणि उमटते अवतरणचिन्ह. यंत्र बसवणाऱ्याने त्याला ब्रिटिश कळफलक सांगून ठेवला होता, माझ्या बोटाखाली होता अमेरिकन. मी खरे तेच सांगत होतो आणि पलीकडे पोचत होते भलतेच. सिरियलच्या खिडकीत अक्षर जसेच्या तसे जाते. तिथून एका फटक्यात आत गेलो आणि बावीस क्रमांकाचे दार माझ्यापुरते उघडे ठेवायला पहारेकऱ्याला सांगितले.

रात्री अक्काला फोन केला. बारा वेळा वाजून बंद झाला. मी पुन्हा केला नाही. अंगणात असेल म्हणून बसून राहिलो. साडेनऊला तिचाच आला. ‘‘शेळी व्यायली, तिच्यापाशी होते. का रे केलास?’’

‘‘सहजच,’’ मी म्हणालो.

सकाळी वाचनालय उघडले. पहिल्याच मुलीने एक प्रवासवर्णन मागितले. यादीने क्षणात सांगितले की चौथे कपाट, दुसरा खण. मी उठून कपाटापाशी गेलो. त्या खणात पुस्तक नव्हते. मुलगी म्हणाली, ‘‘हरवलं वाटतं, आजोबा.’’

मी तिला बाकावर बसायला सांगितले आणि पहिल्या कपाटापासून शोधायला सुरुवात केली.