डॉक्टरकीचे ऋण

नीटचा निकाल लागला की यवतमाळच्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. शहरात १९८९ सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, वसंतराव नाईकांच्या नावाचे. तिथे नंबर लागला तर प्रश्नच उरत नाही. थोड्या गुणांनी हुकला की याद्या समोर येतात. प्रादेशिक कोट्याचे ७०:३० चे सूत्र २०२० मध्ये रद्द झाल्यापासून सरकारी जागा नंदुरबारला किंवा सिंधुदुर्गातही लागू शकते. खासगी जागा मात्र तास-दीड तासावर वर्धा जिल्ह्यात, नाही तर अमरावती-नागपुरात असते. सरकारी महाविद्यालयाचे वर्षाचे शुल्क लाख-दीड लाखाच्या आसपास, खासगीचे त्याच्या कैक पट, आणि अभिमत विद्यापीठात वीस लाखांच्याही वर. साडेचार वर्षांचा आकडा कोटीच्या घरात जातो. वावर विकायचे, पोराला एक वर्ष रिपीट करायला लावायचे, की लांबची सरकारी जागा धरायची? हा निर्णय पैशाचा आणि गुणांचा समजला जातो. मला त्याच्या तळाशी एक जुना धार्मिक प्रश्न दिसतो. विद्या घेणारा माणूस कुणाचा ऋणी होतो, आणि पैसे मोजून त्या ऋणातून त्याला मोकळे होता येते का?

आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना वैदिक काळापासून आहे. तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने या मांडणीत दोन मोठे बदल केले. तिथे ऋण एका वर्णाचे राहत नाही. जो कोणी आहे तो ऋणी आहे. आणि तीन ऋणांना चौथे जोडले जाते, माणसांचे ऋण. या ऋणांची फेड पाहण्यासारखी आहे. ऋषींना कोणी मोहरा नेऊन देत नाही. त्यांचे ऋण अध्ययनाने फिटते. पितरांचे ऋण पितरांना परत जात नाही; ते पुढच्या पिढीला जन्म देऊन आणि वाढवून फिटते. माणसांचे ऋण दारी आलेल्याला आसरा आणि अन्न देऊन फिटते, मग तो अतिथी कालपर्यंत आपल्याला ठाऊकही का नसेना. सावकाराच्या वहीतले कर्ज आणि हे ऋण यांत फरक आहे तो इथे. कर्ज ज्याचे त्याला परत करायचे असते आणि परत केले की नाते संपते. ऋण भलत्याच माणसाच्या हाती फेडायचे असते, आणि फेडता फेडता नाते वाढत जाते. आज जवळपास प्रत्येक विद्येला आपण कर्जाच्या वहीत बसवले आहे. वैद्यकविद्या मात्र त्या वहीत बसत नाही, आणि त्याचे कारण तिच्या शिकण्याच्या रीतीतच आहे.

पहिल्या वर्षी विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहतो. समोर जो देह असतो तो कुणाचा? आज देहदान वाढले आहे, ते चांगलेच आहे. पण १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने महाविद्यालयांना मुळात बेवारस देह मिळण्याची सोय केली. सरकारी दवाखान्यात किंवा रस्त्यावर मेलेला, ज्याला न्यायला कोणी आले नाही असा माणूस. ज्याला जिवंतपणी कुणी आपले म्हटले नाही, तो शेकडो डॉक्टरांचा पहिला गुरू झाला. त्याने संमती दिली नव्हती, दक्षिणा मागितली नव्हती, आणि त्याचे नाव कोणत्याही पाटीवर नाही. ऋषिऋण या शब्दाला आजच्या काळात याहून नेमका अर्थ मला सापडत नाही. पुढे वॉर्डात गेल्यावर हीच गोष्ट जिवंत माणसांबाबत घडते. पोटावर हात ठेवून यकृत चाचपायला विद्यार्थी शिकतो तो कुणाच्या तरी दुखऱ्या पोटावर. पहिली प्रसूती, पहिला टाका, शीर न सापडल्यामुळे तीनदा टोचलेली सुई, हे सगळे कुणीतरी सोसलेले असते. आणि ते सोसणारी बाई बहुधा झरी-जामणी किंवा घाटंजीकडून आलेली असते, जिला दुसरा दवाखाना परवडत नाही.

यवतमाळने याचा फार जड पुरावा २०१७ मध्ये दिला. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर गेली होती. फवारणारा माणूस पिकाच्या आत चालत होता आणि औषधाचा तुषार त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, छातीवर पडत होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यांत आले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. सगळ्यात मोठा भार पडला तो याच सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयावर. एका पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली असत, त्यामुळे नेमके कोणते विष अंगात गेले आहे हे कळायला मार्ग नसे. उतारा म्हणून अॅट्रोपिन किती द्यायचे हे पुस्तकात असते, पण प्रत्यक्षात छातीतली घरघर सुकेपर्यंत रोग्याच्या उशाशी बसून ते वाढवत न्यावे लागते. असे ज्ञान फक्त रोग्याच्या उशाशीच मिळते. त्या चार महिन्यांत जे शिकले गेले ते पुढे किती जिवांना वाचवील याची मोजदाद कुणी करणार नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते दुसऱ्याच्या शेतात दिवसाच्या मजुरीवर फवारत होते.

मग शुल्क भरून माणूस काय विकत घेतो? इमारत, प्रयोगशाळा, प्राध्यापकांचा पगार, वसतिगृहाची खोली. हे सगळे खरे आहे आणि त्याचा खर्चही खराच असतो. पण ज्याच्यावाचून विद्या होत नाही, तो दुखणारा देह, पावतीवर नसतो. खासगी महाविद्यालयातही तो असतोच. मान्यता टिकवायची तर खाटा भरलेल्या लागतात. म्हणून गावोगाव शिबिरे होतात, आणण्या-नेण्याच्या गाड्या असतात, तपासणी मोफत असते. गरीब रोगी तिथेही विद्यार्थ्याला शिकवतो. शिवाय खासगी म्हणतात ते पूर्ण खासगी उरलेलेही नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शुल्काचा वाटा सरकार भरते, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून रोग्यांच्या उपचाराचे पैसे सरकारी तिजोरीतून तिकडे जातात. तेव्हा ‘मी पूर्ण पैसे मोजले, माझ्यावर कुणाचे काही नाही’ असे कोणत्याही महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला म्हणता येणार नाही. ऋण दोन्हीकडे सारखेच आहे. फरक ते दिसण्या-न दिसण्याचा आहे. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत ऋणको आणि धनको रोज सकाळी समोरासमोर येतात. कोटीभर रुपये भरून शिकणाऱ्याला मात्र दुसरा धनको जास्त जवळचा आणि जास्त मोठ्या आवाजाचा असतो: बँकेचा हप्ता, विकलेले वावर, वडिलांचे ओढलेले तोंड. कर्ज ऋणाला झाकून टाकते. म्हणून माझे मत असे की ज्याला निवड करता येते त्याने सरकारी जागा धरावी, ती लांब असली तरी आणि एक वर्ष उशिरा मिळाली तरी. ती स्वस्त आहे हे तर खरेच. पण ती डॉक्टरला आपला खरा धनको ओळखण्याइतका मोकळा ठेवते, हे मला तिच्या स्वस्तपणाहून मोठे कारण वाटते.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा येतो. ज्याने दोन वर्षे दिवसाचे बारा-बारा तास घासून नीटमध्ये गुण मिळवले, त्याने ती जागा कमावली आहे. त्याच्यावर कुणाचे उपकार कसले? मेहनत खरी आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. पण परीक्षा फक्त एवढे ठरवते की ही विद्या घ्यायला आज कोण पात्र आहे. घागर मोठी असली म्हणून विहीर घागरीच्या मालकीची होत नाही. आणि सरकारी जागेवर विद्यार्थी भरतो त्या शुल्कातून शिक्षणाचा सगळा खर्च निघत नाही. उरलेला भार करांतून उचलला जातो. साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी कोलाम बाईही त्यात आहे. लातूरच्या नाही तर कोटाच्या क्लासची फी भरता येणे हाही गुणांमागचा एक भाग आहे, हे या जिल्ह्यात कुणाला वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला सहज बाजूला सारता येत नाही. सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडलेले सगळे खेड्यांत गेले का? नाही गेले. नागपूरच्या मेडिकलमधून अभय आणि राणी बंग गडचिरोलीला गेले, रवींद्र कोल्हे मेळघाटात बैरागडला गेले आणि तिथे एक-दोन रुपये घेऊन रोगी तपासत राहिले. पण त्याच मेडिकलमधून मोठ्या शहरांत आणि परदेशी गेलेल्यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट आहे. उलट खासगी महाविद्यालयांच्या रुग्णालयांत यवतमाळ जिल्ह्यातले रोगी रोज उपचार घेतात, आणि ती नसती तर ते कुठे गेले असते हा प्रश्न प्रामाणिक आहे. सरकारने जागा वेळेवर वाढवल्या नाहीत, १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि मग १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. यात हुकलेल्या पोराचा काय दोष? काही दोष नाही. पण माझा दावा सरकारी जागा माणसाला सत्प्रवृत्त करते असा नाहीच. ती त्याला पर्याय शिल्लक ठेवते, एवढाच आहे. बैरागडला जायचे की नाही हे कोल्हे ठरवू शकले. कोटीच्या कर्जाखाली पदवी घेतलेल्याला तो विचार मनात आणण्याचीही सवड नसते. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पगारातून तो हप्ता निघत नाही. तिथे चांगुलपणाची परीक्षा होण्याआधीच पेपर काढून घेतला जातो.

आणि सरकारी-खासगी ही रेघ अखेरची नाही, हे सेवाग्राम दाखवते. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. ती चालवते एक संस्था, खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकार उचलतात. नवा विद्यार्थी आधी आश्रमात राहतो, खादी घालतो, सूत कातायला बसतो, मग त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावातल्या घरांशी वर्षानुवर्षे नाते ठेवते. इथेच डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीवर चालणारी आरोग्य विम्याची योजना उभी केली. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि त्या बदल्यात गावाला उपचाराचा हक्क. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण तिने रोग्याला याचक राहू दिले नाही. पायली-दोन पायली ज्वारी घालून आलेला माणूस दवाखान्यात हक्काने बसतो, आणि त्याच्यावर हात ठेवून शिकणाऱ्या पोराला कळते की आपण इथे दान द्यायला आलेलो नाही.

तिसरा आक्षेप बाँडचा. सरकारने शेवटी हे ऋण कागदावर आणलेच, आणि बरीच वर्षे नियम असा होता: एक वर्ष सेवा द्या, नाही तर दहा लाख भरा. माझ्या दृष्टीने या नियमाचा दोष त्याच्या सक्तीत नव्हता. अध्ययन आणि यज्ञ हीही कर्तव्ये म्हणूनच सांगितली होती, आवड म्हणून नव्हे. दोष त्या ‘नाही तर’मध्ये होता. दहा लाख हा आकडा छापला त्या क्षणी ऋणाचे कर्ज झाले आणि मोकळे होण्याचा दर ठरला. आणि दर ठरला की तो परवडणारे कोण आणि न परवडणारे कोण हेही ठरते. गरीब घरचा डॉक्टर पांढरकवड्याच्या आरोग्य केंद्रात वर्ष काढायचा, श्रीमंत घरचा चेक द्यायचा. चरकसंहितेने उपचाराचा बाजार मांडणाऱ्याला सोन्याची रास टाकून धुळीची रास धरणारा म्हटले आहे. बाँडच्या दंडात तीच अदलाबदल सरकारी शिक्क्याने होत असे.

राहतो तो पोरगा किंवा ती पोरगी, जिला सरकारी जागा कुठेच मिळाली नाही, जिचे वय आणि घरचा धीर दोन्ही संपत आले आहेत, आणि जिच्या बापाने सातबारा काढून आणला आहे. तिला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण बापाला सांगण्यासारखी एक गोष्ट पाली विनयात आहे. जीवक कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले मूल होते. अभय राजकुमाराने त्याला उचलून वाढवले. मोठा झाल्यावर तो तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला, परतीच्या वाटेवर साकेतच्या एका श्रेष्ठीच्या बायकोला बरे करून त्याने सोळा हजारांची कमाई केली, आणि घरी येऊन ती सगळी अभयापुढे ठेवली: माझ्या पालनपोषणाचे हे घ्या. अभयाने ती घेतली नाही. तुझे तुझ्याजवळच राहू दे, फक्त आमच्याच वाड्यात घर बांध, म्हणाला. मग जीवक राजाचा वैद्य झाला, बुद्धाचा आणि भिक्षुसंघाचा झाला, आणि त्याच्या औषधासाठी लोक इतके येऊ लागले की काही जण केवळ तेवढ्यासाठी प्रव्रज्या घेऊ लागले. वावर विकणाऱ्या बापाला अभयासारखे म्हणता येते, आणि म्हणायचे असेल तर ते सही करण्याआधी, मुलीच्या समोर म्हणायला हवे. बँकेला तसे म्हणता येत नाही.