इस्पितळ हवे की मैदान?

मुलांच्या मैदानावर दारूचा गुत्ता येणार असेल तर त्याला विरोध करताना कोणालाच फारसा विचार करावा लागत नाही. पण त्याच जागी इस्पितळ येणार असेल तर? एका बाजूला आजाऱ्याची खाट आणि दुसऱ्या बाजूला पोरांचा चेंडू, अशा वेळी चेंडूची बाजू घेणाऱ्याला स्वतःचीच थोडी लाज वाटते. वाईटाशी झगडणे त्या मानाने सोपे. चांगल्या गोष्टीला ‘येथे नको’ असे म्हणण्यासाठी वेगळे धैर्य लागते.

बंगळूरच्या राजमहाल विलास एक्स्टेन्शनमधील रहिवाशांवर असाच प्रसंग आला होता. त्या वसाहतीच्या आराखड्यात एक भूखंड सार्वजनिक उद्यानासाठी मोकळा राखलेला होता. १९७०च्या दशकात मुख्यमंत्र्यांच्या निर्देशावरून तो एका खाजगी वैद्यकीय ट्रस्टला इस्पितळासाठी देण्याचे ठरले आणि शहराच्या विकास प्राधिकरणाने तो देऊनही टाकला. रहिवाशांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. एका न्यायमूर्तींनी त्यांचा अर्ज फेटाळला, खंडपीठाने तो मान्य केला, आणि मग ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै १९९१मध्ये न्या. थॉमेन आणि न्या. सहाय यांनी रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला.

ट्रस्टचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. इस्पितळ हीदेखील लोकांचीच सोय. शिवाय शेजाऱ्यांनी यात पडण्याचे कारण काय? न्यायालयाने शेजाऱ्यांचा हा अधिकार मान्य केला. खाजगी शुश्रूषागृह हे उद्यानाची जागा घेऊ शकत नाही, मुलांची क्रीडांगणे आणि मोकळी हवा हा साऱ्या जनतेच्या हिताचा विषय आहे, असेही स्पष्ट केले. कायद्याचा भाग एवढाच. नीतीचा प्रश्न मात्र मला येथून पुढे सुरू होतो असे वाटते.

कोणी म्हणेल, ती वस्ती सुखवस्तूंची. त्यांना मुलांच्या खेळापेक्षा आपल्या गल्लीतील शांतता आणि बंगल्यांच्या किमती अधिक प्रिय असतील. असतीलही. माणसाच्या मनात एकच हेतू एकट्याने क्वचितच राहतो. परंतु मागणाऱ्याचा हेतू तपासून मागणीची योग्यता ठरवायची झाली, तर कोणाचीच मागणी टिकणार नाही. उघड्या उद्यानात बंगलेवाल्याचा मुलगा जातो तशी त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची मुलगीही जाऊ शकते. फाटकावर तिला कोणी पावती मागत नाही. खाजगी इस्पितळाच्या दारात ती मागितली जाते. हा फरक मला हेतूंच्या चर्चेपेक्षा मोलाचा वाटतो.

‘इस्पितळ दुसरीकडे बांधा’ हे उत्तर मात्र मी जपून देईन. प्रत्येक गल्ली असेच म्हणू लागली तर इस्पितळ कोठेच होणार नाही. पण रुग्णाला वाहनातून दोन मैल नेता येते, आणि सात वर्षांचे मूल खेळण्यासाठी रोज दोन मैल जात नाही. मैदान त्याच्या पायांच्या टप्प्यात असेल तरच ते त्याचे. शिवाय आराखड्यात राखलेली जागा म्हणजे दिलेला शब्द असतो. तो त्या वेळी जन्मालाही न आलेल्यांना दिलेला असतो, आणि तो मोडला तर तक्रार करायला ते हजर नसतात. म्हणूनच तो मोडण्याचा मोह फार.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातील एकतिसाव्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क ठरवला आणि १९९२ साली भारतानेही तो करार स्वीकारला. तरी हक्क मुलांचा आणि सही मोठ्यांची, ही अडचण उरतेच. त्यात बालपण थांबत नाही. बंगळूरचा तो भूखंड दिला गेला तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा निकालाच्या वेळी विशीत होता. ज्यांनी वर्षानुवर्षे वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना आपली मुले तेथे खेळताना पाहण्याची आशा फार आधीच सोडावी लागली असणार. तरीही त्यांनी खटला सोडला नाही, याचे मला विशेष वाटते.

हा प्रश्न बंगळूरपुरता नाही. आपल्या एखाद्या धर्मग्रामात पटांगणावर सभागृह बांधण्याची सूचना येते, तेव्हा ती आणणारी माणसे लोभी नसतात. लग्नांची सोय होईल, भाड्याच्या पैशांतून गरिबांना मदत करता येईल, हे त्यांचे म्हणणे खरेच असते. जमाखर्चाच्या वहीत सभागृहाचे उत्पन्न लिहिता येते; लगोरीचे आणि फुटबॉलचे कोणत्या रकान्यात लिहावे, हे कोणाही खजिनदाराला सांगता येणार नाही. अशी सभा बहुधा रविवारी मिस्सानंतर भरते. त्या वेळी मुले बाहेर, त्याच पटांगणावर खेळत असतात, आणि त्यांच्या गलक्याने ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी उठून खिडक्या लावून घेतो.