मगे काय झाला?

पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकरांच्या अंगणात चित्रकथी पाहायला बसलो होतो. वीणा, हुडूक आणि टाळ एवढीच साथ. कथेकरी पोथीतलं एक चित्र फळीला टेकवून उभं करतो, त्यावर गातो, सांगतो, मग ते बाजूला सारतो आणि पुढचं लावतो. त्या दिवशी सीताहरण होतं. जाड काळ्या रेषेतला रावण, एका बाजूनं दिसणारा चेहरा, भला मोठा डोळा. ते चित्र जरा जास्त वेळ राहिलं. माझ्या शेजारी आजीच्या मांडीवर बसलेला पोरगा अस्वस्थ झाला. "मगे? मगे काय झाला?" आजी म्हणाली, "गप रव. सांगतत ते."

शृंगारिक कादंबरी आणि पिवळं पुस्तक यांत फरक काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. त्या पोरानं तो एका शब्दात सोडवला, असं मला मनापासून वाटतं.

आपण हा फरक कपड्यानं मोजतो. पदर किती ढळला, लेखक दारापाशी थांबला की आत गेला, कुठला शब्द उघड लिहिला. या मापानं काहीच हाती लागत नाही. दारापाशी थांबलेलं लेखनही ओंगळ असू शकतं आणि आत गेलेलं निर्मळ.

१९६२ सालची गोष्ट घ्या. 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही छोटी कादंबरी छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. पुण्यात फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सोडलं, मुंबई हायकोर्टानं दोषी धरून लेखकाला पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये भरून मोकळं होता आलं असतं. काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९६९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. न्यायमूर्तींनी सुट्या उताऱ्यांवर न थांबता सबंध कथा वाचली. लेखन फार वरच्या दर्जाचं नसेल, त्यात कच्चेपणा असेल, पण म्हणून ते अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मला यातलं शेवटचं फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे साहित्यिक मंडळी एक सोपी वाट काढतात: थोर लेखकानं लिहिला तर शृंगार, लोकप्रिय लेखकानं लिहिला तर चावटपणा. काकोडकरांना या वाटेनं कायम दाराबाहेर ठेवलं गेलं. ज्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा सिनेमा निघाला, ज्यांची पुस्तकं फिरत्या वाचनालयांतून हातोहात जात, त्या माणसाचं नाव घेताना समीक्षक खाकरत असत. ते थोर लेखक नव्हते, हे मलाही मान्य आहे. पण साधी गोष्ट सांगणाराही गोष्टच सांगत असतो, आणि गोष्टीत माणसं असतात.

पिवळ्या पुस्तकात माणसं नसतात. नावं असतात, तीही पुढच्या पानावर बदलली तरी बिघडत नाही. त्यातल्या बाईला आई नाही, उद्याची पाळी नाही, चुलीवर ठेवलेलं दूध नाही. ती दमत नाही, घाबरत नाही, तिला काही आठवत नाही. तिच्या बाबतीत जे घडतं, ते दहा पानांनी पुन्हा तसंच घडतं. पोथीतून एकच चित्र फाडून घ्यावं आणि ते डोळ्यांसमोर धरून बसावं, तसं. ते पाहताना "मगे?" हा प्रश्न उठतच नाही, कारण पुढे काही होणारच नसतं.

कादंबरीतला शृंगार काढून पाहा, म्हणजे हे उलट बाजूनं कळेल. नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावात, दोन वर्षांनी तो गणपतीला आलाय. माजघरात सासू जागी आहे. तो दिवा बारीक करतो आणि ती म्हणते, "रवांदे, दिसांदे माका तुजा तोंड." लेखकानं त्या रात्रीचं पुढे कितीही सविस्तर वर्णन केलं, तरी ते वर्णन दोन वर्षांच्या विरहाचं राहतं. ते गाळलंत, तर तो परत निघताना ती एसटीपर्यंत का गेली नाही, हे वाचकाला समजायचंच नाही.

'श्यामा' आली त्याच १९६२ साली चिं. त्र्यं. खानोलकरांची 'रात्र काळी, घागर काळी' प्रसिद्ध झाली. पिंगुळीच्या अगदी शेजारी, कुडाळात, या माणसानं खानावळ चालवली होती. त्यांच्या कादंबऱ्यांत वासना आहे, शरीर आहे, सौंदर्याचा शापही आहे. 'अजगर' वाचताना तर जीव गुदमरतो. तरी त्या वाचून कुणाची भूक चाळवत नाही; आत काहीतरी हलतं. एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांत गुणवत्तेचं अंतर प्रचंड. मी मात्र दोन्ही रेघेच्या याच बाजूला ठेवतो.

आणि ही बाजू मराठीला नवी नाही. हालाची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे; आपल्या भाषेची ती पणजी. सातशेच्या आसपास गाथा, एकेक दोन ओळींची. त्यांत गोदाकाठ आहे, शेतं आहेत, परगावी गेलेला नवरा आहे, वाटसरू आहे, सगळं जाणून असलेली सासू आहे, आणि स्वतःच्या इच्छेबद्दल न लाजता बोलणाऱ्या बायका आहेत. दोन ओळींत अख्खी बाई उभी राहते. इतकी जुनी श्रीमंती असलेल्या भाषेनं शृंगाराला बिचकावं, याचं मला वाईट वाटतं.

या बिचकण्याची किंमत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मोजली. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात धड शृंगारही नव्हता. लैंगिक प्रश्नांना सरळ, शास्त्रीय उत्तरं होती. तरी त्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरीही दंड झाला. कपड्यानं मोजणारा समाज वैद्यक, वाङ्मय आणि पिवळं पुस्तक एकाच पोत्यात भरतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. पुस्तकातली बाई शाईची असते. फोनवरून फिरणाऱ्या चित्रफितीतली बाई कुणाची तरी लेक असते, आणि पुष्कळदा तिला न विचारता ते चित्रण पसरवलेलं असतं. तिथे श्लील-अश्लीलाची चर्चाच करू नये. ती चोरी आहे, आणि पुढे पाठवणारा प्रत्येकजण त्या चोरीत सामील आहे. तिचं पुढे काय झालं, तिनं कॉलेज सोडलं का, गाव सोडलं का, हे पाहणाऱ्याला विचारावंसं वाटत नाही.

हाच प्रश्न मी प्रेमकथांनाही लावतो. नायकानं जबरदस्ती करायची, नायिकेनं आधी रडायचं आणि मग त्याच्याच प्रेमात पडायचं, असल्या कथा आपल्याकडे सोज्वळ म्हणून छापल्या गेल्या. त्यांत एकही उघडा शब्द नसतो. बाईच्या "नको"चं पुढे काय झालं, याचा विचार ज्या लेखकाला शिवत नाही, त्याचं लेखन डोक्यावरून पदर घेतलेलं पिवळं पुस्तकच आहे. 'श्यामा'वर खटला भरणाऱ्यांना ही पुस्तकं कधी खटकली नाहीत.

आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी लहानपणी जात असे. तिथे कोपऱ्यात एक कुलूपबंद कपाट होतं. काकोडकर त्यात, 'अजगर' त्यात, कर्व्यांवरचं एक पुस्तकही त्यातच. किल्ली ग्रंथपालांच्या जानव्याला. आमच्या वर्गातल्या मुलांना त्यामुळे काय वाचायला मिळालं? एसटी स्टँडवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकली जाणारी पुस्तकं. स्त्री-पुरुष एकमेकांशी बोलतात, रुसतात, नकार देतात, वाट पाहतात, हे त्यांतल्या एकाही पानावर नव्हतं. आम्ही तेच खरं समजलो. काहींनी ते लग्नानंतरही खरं मानलं, आणि त्याचे भोग त्यांच्या बायकांनी भोगले.

आज त्या वयाच्या मुलांच्या खिशात फोन आहे. गावोगावच्या ग्रंथपालांना, शिक्षकांना आणि आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे: असं कपाट तुमच्याकडे अजून असेल, तर त्याचं कुलूप या आठवड्यात काढा.