आजचा पाऊस: शून्य

जानेवारीतली सकाळ, साडेआठला पाच मिनिटं कमी. बंगळुरात महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत, झाडं आणि भिंती यांच्यापासून जमेल तेवढा लांब, माझा पर्जन्यमापक रोवलेला आहे. हवामान खातं देशभर साडेआठलाच गेल्या २४ तासांचा पाऊस मोजतं, म्हणून मीही. नरसाळं उचलतो, आतली नळी डोळ्यांसमोर आडवी-उभी करून बघतो. कोरडी ठणठणीत. नरसाळ्याच्या काठावर दवाचे चार थेंब आहेत, पण दवाला मी पावसात धरत नाही. स्वेटरच्या बाहीनं ते पुसतो आणि वहीत तारखेसमोर लिहितो: ०.०.

गेटवरचा वॉचमन रोज विचारतो, "मळे बंता, सार?" कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. इथं नवा होतो तेव्हा वाटायचं, हा आमच्या गावाकडच्या मळ्यांची चौकशी करतोय. "इल्ला," मी सांगतो. तो हसतो. डोक्यावर निळंशार आभाळ असताना पाऊस मोजायला निघालेल्या माणसाला हसू नये तर काय करावं!

हे खूळ डोक्यात शिरलं सप्टेंबर २०२२ मध्ये. ५ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत शहरातल्या वेधशाळेत १३१.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. या हिशेबानं एकेका चौरस किलोमीटरवर तेरा कोटी लिटरहून जास्त पाणी. आमच्या बाजूला मोटारी बुडाल्या, आयटीतली मंडळी ट्रॅक्टरमध्ये बसून बाहेर पडली. पण तो आकडा वेधशाळेतला, आमच्यापासून कितीतरी लांबचा. आमच्या गल्लीत किती पडला? गच्चीवरची बादली भरून वाहत होती, एवढंच मला सांगता आलं. त्याची लाज वाटली. आमचे आजोबा पाऊस थांबला की शेतात कुदळीनं उकरून बघायचे आणि ओल बोटभर गेली की वीतभर, ते चारचौघांत ठामपणे सांगायचे.

माझी भाची कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला असते. जुलै १९९७ मध्ये त्या गावात पूर आला, तेव्हा एका टोकाला चौदा इंचांवर पाऊस झाला होता आणि दुसऱ्या टोकाला दोन इंचही नाही. तिथल्या विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी मग १९९८ पासून घरोघरच्या माणसांनाच मोजायला बसवलं. भाचीही त्यांतलीच एक. हिवाळ्यात ती सकाळी सातला पांढऱ्या फळीवर साठलेल्या बर्फात पट्टी उभी धरते, आणि मापकातला बर्फ वितळवून त्याचं पाणी वेगळं मोजते. दहा इंच बर्फाचं साधारण इंचभर पाणी होतं, भुसभुशीत असला तर आणखी कमी. मी तिला चिडवतो, की बर्फाशी आपलंही नातं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, आणि शिवाजीनगरचा तो चौक अजून शिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो. बर्फ तिकडेच राहिला, नाव तेवढं आलं.

तिच्या वहीतही शून्यं पुष्कळ आहेत. पडलेला पाऊस मोजायला कोणीही छत्री घेऊन धावतं. न पडलेल्यासाठी रोज खाली उतरायचं म्हणजे जिवावर येतं. बंगळुरात अख्ख्या जानेवारीचा सरासरी पाऊस दोन-एक मिलिमीटर. महिनाभराची शून्यं एका बैठकीत लिहून टाकली तरी कोण पकडणार? मागच्या फेब्रुवारीत आळसानं माझे सहा दिवस राहिले. आभाळ स्वच्छ होतं, शून्यंच असणार हे शेंबडं पोरही सांगेल. पेन टेकवलंही होतं. पण मी नळी पाहिली नव्हती. ते सहा रकाने अजून कोरे आहेत, आणि वही उघडली की पहिली नजर तिथंच जाते.

परवा तापानं दोन दिवस पडून होतो. तिसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून, आणखी दोन कोरे रकाने सोडायच्या तयारीनं खाली गेलो, तर वॉचमननं केबिनमधल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मागच्या दोन तारखांवर निळ्या पेनानं एकेक गोल काढलेला.

"नळी काढून पाहिलीस?" मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं.

त्यानं हात वर करून, एक डोळा मिटून, नळी उजेडाला धरल्यासारखं करून दाखवलं. अगदी माझी नक्कल. "मळे इल्ला, सार."

मी दोन्ही शून्यं वहीत उतरवून घेतली.